बोटीवरचा फ्रिज, आणि सकाळी सेल्फ लागत नाही

प्रश्न : मालवणला आमची पर्यटकांची डिझेल बोट आहे. १२ व्होल्टचा ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज बसवलाय, कोल्ड्रिंक आणि थोडे मासे ठेवायला. बॅटरी एकच १०० एएचची, इंजिनचा सेल्फपण तिच्यावरच. संध्याकाळी इंजिन बंद केलं की रात्री फ्रिज टिकटिक करत बंद पडतो, सकाळी सेल्फ लागत नाही. दुकानदार म्हणतो फ्रिज गेला. घरचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावू का?

उत्तर : फ्रिज टाकू नका हो एवढ्यात. असा फ्रिज चालू असताना साधारण ४-५ अँपिअर ओढतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात निम्मा वेळ चालतो असं धरा, म्हणजे रात्रीच्या १२ तासात २५-३० एएच (अँपिअर गुणिले तास). एवढ्यात चांगली भरलेली १०० एएचची बॅटरी मरायला नको, म्हणून मला आधी वायरचाच संशय येतो. कॉम्प्रेसर सुरू होताना मल्टीमीटर लावा, एकदा बॅटरीवर आणि एकदा फ्रिजच्या टर्मिनलवर. १ स्क्वेअरची (१ चौरस मिमीची) वायर ५ मीटर लांब ओढली असेल तर जाऊन-येऊन १० मीटर झाली, ५ अँपिअरला जवळजवळ १ व्होल्ट तिथेच गेला, मग बॅटरीत जीव असूनही फ्रिजला वाटतं संपली आणि तो टिकटिक करत बसतो. ४ स्क्वेअरची टाका, पाव व्होल्टच्या आत येईल. खाऱ्या हवेने हिरवी पडलेली टर्मिनलं घासून ग्रीस लावा, फ्यूज बॅटरीजवळच हवा.

आता सेल्फचं. सेल्फची बॅटरी क्षणभर जोरात करंट द्यायला बनवलेली असते, रोज रात्री उतरवली की लवकर बाद होते, आणि तासाभराच्या फेऱ्यांत ती परत पूर्ण भरतही नाही. सेल्फची वेगळी ठेवा, फ्रिजला १५० एएचची ट्युब्युलर (रोज हळूहळू उतरवायला बनवलेली बॅटरी) घ्या, मध्ये आयसोलेटर, म्हणजे इंजिन दोन्ही भरेल पण फ्रिज सेल्फची बॅटरी उतरवणार नाही. ट्युब्युलरपण अर्ध्याखाली उतरवायची नाही, फ्रिज बंद ठेवून थोड्या वेळाने १२.२ व्होल्ट दिसले की थांबा. टपावर १०० वॅटचं सोलर पॅनल बसलं तर चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० एएच परत मिळतात, म्हणजे रात्रीचा हिशोब भागला, दिवसाचं इंजिन बघेल.

घरचा फ्रिज नको. सुरू होताना कितीतरी पट करंट मागतो आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी खातच असतो.

आणि फ्रिजमध्ये फक्त कोल्ड्रिंक असेल तर रात्री सरळ बंद करा की, बाटल्यांना काय ताप येणारे? मासे मात्र आधी बर्फात गार करून मगच आत टाका.