लॉग आधी पाठवा, प्रमाणपत्राचं मग बघू

प्रश्न : सीक्यू वर्ल्ड वाइड या हौशी रेडिओवाल्यांच्या मोर्स स्पर्धेत पहिल्यांदाच भाग घेतला. दोन दिवसांत इतर रेडिओ केंद्रांशी ११४ संपर्क झाले. एवढ्याशा गुणांसाठी काय लॉग (संपर्कांची नोंदवही) पाठवायचा, म्हणून पाठवला नाही. आता शंभर देश-प्रदेशांशी संपर्क केल्याबद्दल मिळणारा डीएक्ससीसी पुरस्कार खुणावतोय, पण त्याचा खर्च ऐकून मन मागे येतं. काय करू?

उत्तर : पहिल्याच खेपेला ११४ संपर्क, मनापासून अभिनंदन! पण लॉग पाठवला नाहीत हे वाचून हळहळ वाटली. तुमच्या वहीतली प्रत्येक ओळ निम्मी समोरच्याची असते. परीक्षक दोघांचे लॉग शेजारी ठेवून ताडतात. मोर्समध्ये एस म्हणजे तीन टिंब, एच म्हणजे चार आणि पाचचा आकडा म्हणजे पाच. गर्दीच्या बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यात) एक टिंब निसटलं की कॉल साइन, म्हणजे केंद्राची ओळखच बदलते. असा चुकलेला कॉल सापडला की त्या संपर्काचे गुण जातात आणि वर त्याच्या दुप्पट दंड बसतो. मात्र तुमचा लॉगच नसेल, तर समोरच्याची नोंद पडताळायची कशाशी?

या स्पर्धेत लॉग पाठवायला जेमतेम पाच दिवस मिळतात, ते गेले. पण लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या संपर्क पडताळणाऱ्या संकेतस्थळावर जुना लॉगही चढवता येतो, आणि चढवायला पैसे पडत नाहीत. तिथे दोघांच्या नोंदीत कॉल, बँड, मोड (मोर्स की बोलणं) आणि वेळ जुळली की संपर्क पक्का. वेळेत अर्ध्या तासाचा फरक चालतो, त्यापुढे नाही. माझं इथेच घोडं पेंड खात होतं. लॉगिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेऐवजी स्थानिक वेळ राहिली होती आणि ३१२ संपर्कांपैकी एकही जुळेना. कित्येक दिवस मी बाकीच्या मंडळींनाच आळशी समजत होतो! शेवटी एका मित्राच्या लॉगशी एक ओळ ताडून पाहिली आणि चूक सापडली. वेळेचा सगळा रकाना दुरुस्त करून पुन्हा चढवला.

आता खर्च. पैसे लागतात ते पक्के झालेले संपर्क पुरस्कारासाठी वापरताना : प्रत्येक संपर्काचे थोडे, अर्जाचे वेगळे. संपर्काची पोच म्हणून टपालाने येणाऱ्या कागदी कार्डांच्या मानाने हे बरंच स्वस्त. कार्ड थेट मागवायचं तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही टपाल तुमच्याच माथी. कार्डं एकगठ्ठा पोहोचवणाऱ्या ब्यूरोमार्गे स्वस्त पडतं, पण वर्ष-वर्ष वाट बघायची तयारी हवी. (मला मात्र हातात आलेलं कार्ड अजूनही जास्त आवडतं.)

डीएक्ससीसीच्या यादीत ३४० प्रदेश आहेत, पहिल्या पुरस्काराला त्यातले १०० पुरतात. शंभरावा पक्का झाला की लगेच अर्ज करू नका. पाच-सात जास्त जमू द्या, म्हणजे एखादा संपर्क नाकारला गेला तरी पुन्हा अर्जाचे पैसे भरावे लागणार नाहीत. पुढे मोर्सचं वेगळं, फोनचं (बोलून केलेल्या संपर्कांचं) वेगळं, प्रत्येक बँडचं वेगळं असा मोह होतो आणि खर्च खरा तिथे फुगतो. एकच निवडा. तुमचा कान मोर्सला बसलाय, तर मोर्सचंच घ्या.

या आठवड्यात त्या ११४ ओळींची एडीआयएफ (लॉगच्या देवाणघेवाणीचा ठरलेला नमुना) फाइल काढा, वेळ यूटीसीच आहे ना ते दोनदा बघा आणि चढवा. तुमच्याकडून पक्कं व्हायची वाट बघणारे त्यात नक्की असतील.