खूण काढली तर काय होतं?

प्रिय बेटा,

मूलपेशींतल्या एपिजेनेटिक्सवरचं, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांवरचं, तुझं टिपण वाचलं. मिथाइल लागलं की जनुक बंद, अ‍ॅसिटिल लागलं की चालू, असा तक्ता तू केलाहेस. परीक्षेपुरता ठीक आहे, पण पुण्याला पीएच.डी.च्या मुलाखतीत तो पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.

कारण मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यातून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडतात त्या, तो तक्ता पाळत नाहीत. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एच३च्या चौथ्या जागच्या लायसिनवर (हे एक अमिनो आम्ल) तीन मिथाइल गट बसले की जनुक चालू व्हायला अनुकूल. तेच तीन सत्ताविसाव्या जागच्या लायसिनवर पॉलिकोम्ब या जनुकं दाबणाऱ्या प्रथिनसमूहानं बसवले की दाबलेलं. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींत विकास घडवणाऱ्या कित्येक जनुकांच्या तोंडाशी या दोन्ही खुणा एकत्र असतात, हे २००६ साली दिसलं. काळ्या रानाला वापसा आलाय, पेरा अजून व्हायचाय, अशी ती अवस्था. पुढे पेशी चेतापेशी होऊ लागली की तिला लागणाऱ्या जनुकांवरची दाबणारी खूण जाते, इतरांवर बहुधा तीच उरते.

आता मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सांगतो. खूण दिसली म्हणजे तीच कारण, असं धरू नकोस. ती काढून टाकली तर काय होतं ते विचार. डीएनएवर मिथाइल बसवणारी डीएनएमटी१, ३ए आणि ३बी ही तिन्ही एन्झाइमं काढली तरी उंदराच्या मूलपेशी जगतात, वाढत राहतात. अडतात त्या दुसरं रूप घेताना. म्हणजे तिथं मिथायलेशन मूलपेशी राहायला नाही, मूलपेशीपण सोडायला लागतं! मानवी मूलपेशीतून मात्र एकटं डीएनएमटी१ गेलं तरी पेशी मरतात. प्रयोगशाळेतल्या मानवी पेशी भ्रूणाच्या थोड्या पुढच्या अवस्थेशी जुळतात, त्यामुळे हा फरक पडत असावा असं माझं मत आहे. तुझं वेगळं असलं तर मांड, पण पुराव्यानिशी.

आपल्या भागाशी याचा काय संबंध, असं विचारलं होतंस. रावेरकडच्या केळीच्या बागेत जा. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेल्या, रोपांत वाण एक असूनही मधूनच एखादं झाड बुटकं राहतं. टिश्यू कल्चरमधले असे बदल कधी डीएनएच्या अक्षरांतले असतात, कधी नुसत्या खुणांचे. तेलताडाच्या अशा रोपांत फळं बिघडतात, त्याचं मूळ डीएनएवरच्या एका ठरावीक जागचं मिथायलेशन जाण्यात आहे, हे २०१५ साली दाखवलं गेलं. वनस्पतींची यंत्रणा वेगळी, पण पॉलिकोम्ब त्यांच्यातही आहे.

साध्या पेशीला पुन्हा मूलपेशीसारखी करणारी यामानाकांची चार प्रथिनं तुला पाठ आहेत, त्यावर वेळ घालवू नकोस. त्या प्रथिनांमुळे त्वचेच्या पेशींतल्या थोड्याच का बदलतात, हे वाच.

आणि २००६चा तो दुहेरी खुणांचा मूळ शोधनिबंध काढ. अर्ध्या पेशींत एक खूण, अर्ध्यांत दुसरी, असं मिश्रण असतं तरी दोन्ही खुणा दिसल्याच असत्या. म्हणून त्या संशोधकांनी एका खुणेच्या प्रतिपिंडानं (ती खूण ओळखून पकडणाऱ्या प्रथिनानं) धरलेले डीएनएचे तुकडे पुन्हा दुसऱ्या खुणेच्या प्रतिपिंडानं धरले. ती आकृती स्वतः वहीत काढ आणि त्यानंतरही कोणती शंका उरते ते मला लिहून पाठव.

तुझा,
सर