कॉकटेल बारमध्ये जाताना: वाचकांचे प्रश्न

लोअर परळच्या बारमध्ये एका निग्रोनीचे ९०० रुपये घेतले. ग्लास छोटा आणि त्यात बर्फाचा भलामोठा ठोकळा. ही लूट नाही का? (वाचक, ठाणे)

बर्फ मोठा म्हणून दारू कमी, असं होत नाही. निग्रोनीचं माप ठरलेलं आहे: जिन, कँपारी (कडवट इटालियन लिकर) आणि गोड व्हर्मूथ (वनस्पती-मसाले घातलेली वाइन), प्रत्येकी ३० मिली. मोठा ठोकळा तेवढ्याच वजनाच्या चुऱ्यापेक्षा सावकाश वितळतो, त्यामुळे शेवटचा घोटही पाणचट लागत नाही. तो काचेसारखा नितळ करण्यासाठी पाणी एकाच बाजूने गोठवतात. हवा दुसऱ्या टोकाला ढकलली जाते आणि ते दुधाळ टोक कापून टाकतात. पेय आधी बर्फात ढवळलेलंही असतं, आणि त्यातून उतरलेलं थोडं पाणी हवंच असतं, नाहीतर कँपारीचा कडवटपणा जिभेवर चढतो.

तरीही ९०० महागच. आयात मालावरचा कर आणि तिथलं भाडं तुमच्याच ग्लासात उतरतं. त्यामुळे इतके पैसे मोजायचे तर बारटेंडरचे हात बघा. तो मापाने ओततो का? लिंबू ताजं पिळतो की बाटलीतला रस घालतो? अंदाजपंचे काम चालत असेल तर दुसऱ्यांदा जाऊ नका. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर काढून मागा. तो सक्तीने घेता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

लग्नाच्या वाढदिवसाला मुंबईत येतोय. बायको दारूला शिवत नाही. तिला कॉकटेल बारमध्ये अवघडल्यासारखं होईल का? (वाचक, नाशिक)

चांगल्या बारमध्ये होऊ नये. तिथे न पिणाराही पूर्ण मानाचा पाहुणा असतो. संध्याकाळी लवकर जा आणि काउंटरवर बसा, तेव्हा बारटेंडरला बोलायला सवड असते. वहिनींना आंबट, कडवट, तिखट यातलं काय आवडतं ते त्याला सांगू द्या. मात्र ‘अल्कोहोल अजिबात नको’ हे स्पष्ट सांगा, कारण काही मॉकटेलमध्ये बिटर्सचे (वनस्पतींच्या कडवट अर्काचे) थेंब घालतात आणि बिटर्समध्ये चांगलंच अल्कोहोल असतं. काळा घोड्याचं अमेरिकानो किंवा कमला मिल्समधलं बॉम्बे कँटीन ही रेस्टॉरंट बघा. दोन्हीकडे जेवणही मनापासून केलेलं असतं. गच्चीवरच्या बारमध्ये गेलात तर बसण्याआधी बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे ते पाहून घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्सच्या आगीत १४ जीव गेले, हे मुंबईने विसरू नये.

फेणी कॉकटेलमध्ये घालणं म्हणजे तिचा अपमान नाही का? (वाचक, सावंतवाडी)

मुळीच नाही, पण तिचा वास लपवायला साखर ओतली तर नक्कीच आहे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. तो उग्र, फळाचा दर्प हाच तिचा जीव. कोकम, लिंबू, हिरवी मिरची, मीठ यांच्याशी तिचं छान जमतं. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आपल्याकडे ती अजून स्वस्त दारूच समजली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वय २३. मित्रांबरोबर कॉकटेल प्यायला जायचंय, बाइकने. दोन प्यायल्यावर कॉफी घेतली तर चालेल? (वाचक, डोंबिवली)

नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पुरतात, बाकी दारूसाठी २५ लागतात. म्हणजे जिन-व्हिस्कीच्या कॉकटेलला अजून दोन वर्षं आहेत. बिअर प्यायलात तरी बाइक घरीच ठेवा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॉफीने झोप उडते, अल्कोहोल उतरत नाही. ते काम यकृत आपल्या गतीने, तासन् तास करतं. बार दीडपर्यंत उघडे असले तरी रात्रीच्या शेवटच्या लोकल त्याआधीच सुटतात. तेव्हा अकरालाच बिल मागवा आणि स्टेशन गाठा.