सही मुलीची, पत्र वडिलांचं

पत्राखाली सही मुलीची आहे. सुरुवातही "मला बारावीला ७६ टक्के मिळाले" अशी. तिसऱ्या परिच्छेदात मात्र "आमच्या मुलीला तुम्हीच जरा समजावा" हे वाक्य निसटलंय. तेव्हा साहेब, उत्तर तुम्हालाच लिहिते.

तिने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं असं तुम्हाला वाटतं. तिला जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र, घेऊन पुढे उपग्रहावरून पुराचे नकाशे करायचेत. "पूर ओसरल्यावर टेप घेऊन चिखलात फिरली, तेव्हापासून हे खूळ. ती वही मी माळ्यावर टाकून दिली," असं तुम्ही ओघात लिहून गेलात. मी तिथेच अडकले. ऑगस्ट २०२४मध्ये तुमच्या बडोद्याची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली. पाणी उतरल्यावर निम्मं बडोदं भिंती धूत होतं, गाद्या उन्हात टाकत होतं. तेव्हा अकरावीतली ही पोर जिन्यात, मीटरच्या खोलीत, समोरच्या दुकानाच्या शटरवर चिखलाची रेघ कुठवर चढली ते मोजून लिहीत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला तिच्या टक्क्यांची काळजी नाही, माळ्यावरच्या वहीची आहे.

"फोटो उपग्रह काढतो, नकाशा कॉम्प्युटर करतो, मग हिचं काम काय?" असं विचारलंत. पुराच्या वेळी आभाळ भरलेलं असतं, साध्या कॅमेऱ्याला नुसते ढग दिसतात. म्हणून रडार लागतं: ते स्वतःच लहरी सोडतं आणि किती परत आल्या ते टिपतं. युरोपच्या सेंटिनेल-१ किंवा आपल्या ईओएस-०४ या रडार उपग्रहांच्या लहरी ढगांतून आरपार जातात. संथ पाण्यावर पडल्या की दुसरीकडेच उसळतात, उपग्रहाकडे फारशा परतत नाहीत, म्हणून पाणी काळं दिसतं. मोकळ्या शेतात हे छान जमतं. दाट वस्तीत त्याच लहरी पाण्यावरून भिंतीवर आपटून जोरात माघारी येतात आणि गुडघाभर पाण्यातली गल्ली उजळ दिसू शकते. उलट गुळगुळीत कोरडा डांबरी पट्टा काळा दिसतो. मग फसगत कुठे झाली हे सांगणार कोण? ज्याने भिंतीवरची रेघ मोजली तो. शिवाय एका पुराचा नकाशा म्हणजे धोक्याचा नकाशा नव्हे. अनेक वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवून कुठली जमीन किती वेळा बुडाली ते मोजावं लागतं. हैदराबादच्या एनआरएससीने, म्हणजे इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राने, आसामचा पूरधोक्याचा ॲटलास १९९८ ते २००७च्या पुरांवरून असाच केला.

वाट अवघड नाही: बडोद्यातल्याच सयाजीराव विद्यापीठात बीएस्सी जिऑलॉजी, मग एमएस्सी, गेट या प्रवेश परीक्षेचा जिऑमॅटिक्सचा (मोजणी आणि नकाशाशास्त्राचा) पेपर किंवा डेहराडूनचं आयआयआरएस, ही इस्रोची उपग्रह-चित्रांचं शास्त्र शिकवणारी संस्था. पायथन ही कॉम्प्युटरची भाषा तिला शिकावीच लागेल, तेवढा तुमचा मुद्दा मान्य. सुरुवातीचा पगार तुमच्या भाच्याच्या आयटीतल्या पगाराएवढा असेल, असं मात्र मी म्हणणार नाही.

वही माळ्यावरून उतरवून तिच्या हातात द्या. पुढचं पत्र तिलाच लिहू दे, आणि पाकिटात घालण्याआधी ते तपासू नका.