छात्राध्यापकांना विज्ञान शिकवायला घेताय? आधी एवढं पाहा

व्याख्यांनी सुरुवात करू नका. पहिल्या महिन्यात तीनच प्रयोग घ्या, पण प्रत्येक छात्राध्यापकाने ते स्वतःच्या हाताने करायला हवेत.

१. आयोडीन आणि केळं. जळगावात केळ्यांना काय तोटा! औषधाच्या दुकानातलं आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करा. दाट ठेवलं तर सगळंच काळं दिसतं, इथेच बहुतेक फसतात. कच्च्या कापावर गडद निळा-काळा रंग येतो, पिकलेल्यावर फिका, कारण आयोडीनने स्टार्च निळा-काळा होतो आणि पिकताना स्टार्चची साखर होते. आधी अंदाज लिहून घ्या, मगच थेंब टाका. तपासलेले काप कोणी खायचे नाहीत.

२. हळदीचा कागद. साबणाच्या पाण्याने लाल होतो, लिंबाने पिवळाच राहतो. म्हणून "बदल नाही म्हणजे आम्ल" असं शिकवलं जातं; ते चूक, कारण साध्या पाण्यानेही तो बदलत नाही. आम्लासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी घ्या, ते गडद गुलाबी होतं.

३. मूग. रात्रभर भिजवून ओल्या कापसावर ठेवा. पाण्यात बुडवून ठेवले तर हवा न मिळाल्याने कुजतात. एप्रिलच्या उन्हात मात्र कापूस दिवसातून दोनदा भिजवावा लागतो. शेजारी मूगडाळही ठेवा. ती का उगवत नाही, हे छात्राध्यापकांनाच शोधू द्या.

सराव पाठात मुलं अहिराणीत बोलली तर थांबवू नका, संज्ञा नंतर येऊ द्या. रेणू, समीकरणं, पेशींची अंगकं सध्या बाजूला.