दोन आई असलेली मुलगी पहिलीत जाते तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही आणि तुमची जोडीदार बडोद्यात एकत्र राहता. मुलगी कायद्याने तुमच्या एकटीच्या नावावर दत्तक आहे. ती तुम्हाला आई म्हणते आणि त्यांना माई. जूनमध्ये ती पहिलीत जाणार, फॉर्मवर वडिलांचं नाव मागितलंय, आणि घरच्या मोठ्यांचं म्हणणं आहे की शाळेत माईची ओळख मावशी म्हणून करून द्या, उगाच चर्चा नको.

बडोद्यातल्या शाळांत मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलं आणि पुढे समुपदेशनाचं काम केलं. त्या अनुभवावरून आधीच सांगते, मावशी म्हणून ओळख करून देऊ नका. गावभर सांगत फिरा असं मी म्हणत नाही. कुणाला किती सांगायचं ते तुम्ही दोघींनी ठरवायचं. पण सहा वर्षांच्या मुलीला घरात एक हाक आणि शाळेत दुसरी हाक मारायला लावली, की ती पहिल्या दिवसापासून स्वतःवर पहारा ठेवायला लागते. डबा खाताना, चित्र काढताना, सुट्टीत काय केलं ते सांगताना. तोंडातून ‘माई’ निघून गेलं तर टीचरच्या चेहऱ्याकडे बघते. खोटं पकडलं जाण्याची ही भीती पुढे ‘आपल्या घरात काहीतरी लाजण्यासारखं आहे’ या समजुतीत बदलते, आणि ती समजूत काढायला फार कष्ट पडतात. सांगायचं काम मोठ्यांनी, शाळा सुरू व्हायच्या आधी करून टाकायचं, म्हणजे मुलीच्या वाट्याला ते येत नाही.

आता कागद. वडिलांच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहा. आजोबांचं किंवा मामाचं नाव घालून वेळ मारून नेणारे पालक मी पाहिलेत. ते नाव शाळेच्या रजिस्टरमधून दाखल्यावर, दाखल्यावरून बोर्डाच्या परीक्षेच्या कागदांवर जातं आणि जन्मदाखल्याशी जुळत नाही म्हणून सगळे धावत बसतात. आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. तिथे मधलं नाव तुमचं द्या. दत्तक आदेशात आणि जन्मदाखल्यात तुम्ही एकट्याच आहात, तेव्हा शाळेला दुसरं नाव मागायला आधार नाही. अविवाहित आईला मुलाच्या वडिलांचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल आहे. पासपोर्टच्या अर्जातही डिसेंबर 2016 पासून आई-वडिलांपैकी एकाचं नाव चालतं. ऑनलाइन फॉर्म त्या रकान्यावर अडला तर खोटं भरू नका, जन्मदाखला घेऊन ऑफिसात जा.

माईंचा प्रश्न जास्त नाजूक आहे, म्हणून कायद्याची बाजू नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने तुमचं नातं गुन्हा राहिलं नाही. पण 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, आणि बहुमताने जोडीने दत्तक घेण्याचा हक्कही दिला नाही. 2022 च्या दत्तक नियमांनुसार जोडप्याला मूल मिळायला किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. त्यामुळे मुलगी तुमच्या एकटीच्या नावावर आहे आणि कागदावर माई तिच्या कुणी नाहीत. हे अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण शाळेच्या दारात उपयोग होतो तो आज हातात जे आहे त्याचा, आणि ते अगदीच थोडं नाही.

शिक्षण हक्क कायदा, 2009 यात ‘पालक’ म्हणून कोणाला धरायचं ते सांगताना आई-वडील वेगळे दिलेत आणि ज्याच्याकडे मुलाची देखभाल आणि ताबा आहे अशी व्यक्ती वेगळी दिली आहे. कोर्टाने नेमलेला पालक त्यात येतो, पण व्याख्या तेवढ्यावर थांबत नाही. रोज सकाळी वेणी घालून मुलीला शाळेत सोडणाऱ्या माईंसाठी ही ओळ वकिलाला जरूर दाखवा. याच कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे, आणि कलम 17 प्रमाणे मुलाला मानसिक त्रास द्यायला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर हा कायदा लागू होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

याच्या जोडीला तुमच्या सहीचं एक पानी पत्र शाळेला द्या. मुलीला आणणं-सोडणं, पालकसभा, प्रगतिपुस्तकावरची सही, आजारपणात निर्णय घेणं, हे सगळं माई करू शकतात असं नाव, फोटो आणि आधारच्या प्रतीसह लिहा. फोन आधी कुणाला करायचा तेही लिहा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नका, कारण मुख्याध्यापक बदलले की तोंडी बोलणं हवेत विरतं. तुम्हाला काही झालं तर मुलगी कुणाकडे जाईल हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. त्यासाठी मृत्युपत्रात माईंना पालक नेमायचं काम वकिलाकडून लवकर करून घ्या. गुजरातेत नोटरीसमोर मैत्री करार, म्हणजे दोघांनी एकत्र राहायचं ठरवल्याचा लेखी करार, करायची जुनी रीत आहे. त्याने लग्नाचे हक्क मिळत नाहीत, पण एकत्र राहत असल्याचा कागद होतो. 2024 मध्ये केंद्र सरकारने समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातलं धरावं असं राज्यांना कळवलं, आणि संयुक्त बँक खात्यालाही आडकाठी नाही असं स्पष्ट केलं.

मुख्याध्यापकांना मे महिन्यातच भेटा, आणि दोघी जा. परवानगी मागायच्या सुरात बोलू नका, माहिती द्यायला आलोय असं ठेवा. ‘आम्ही दोघी मिळून हिला वाढवतो. दत्तक माझ्या नावावर आहे. मुलगी माझ्या जोडीदाराला माई म्हणते, शाळेतही माईच म्हणेल.’ इतकं पुरे. तुमच्या नात्याबद्दल आगाऊ प्रश्न आले तर मुलीच्या शिक्षणापुरतंच बोलूया असं शांतपणे म्हणा. ‘मुलीवर काय परिणाम होईल’ हे बहुधा ऐकावं लागेल. अमेरिकेत 1986 पासून अशा घरांतल्या मुलांचा माग घेणारा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. मुलं नीट वाढतात आणि त्रास होतो तो बाहेरच्यांच्या हिणवण्याचा, असं त्यातून पुढे आलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये अशा पालकांच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली. म्हणजे परिणाम शाळेच्या हातात आहे, हे त्यांना सांगा. बडोद्याच्या माणसाला मी आणखी एक गोष्ट सांगते. 1875 मध्ये विधवा जमनाबाई राणीसाहेबांनी कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, तेच आपले सयाजीराव. 1906 मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. या गावाला शाळा दिली ती एकट्या आईने दत्तक घेतलेल्या मुलाने.

मुख्याध्यापकांपेक्षाही वर्गशिक्षिका महत्त्वाची. रोजचे प्रसंग तिच्यासमोर घडतात. पहिली-दुसरीत ‘माझं कुटुंब’ हा चार्ट येतोच. तिला आधीच विचारा, की झाडावर आई-बाबा असे छापील चौकोन असतील तर मुलांना ते स्वतः काढू द्याल का? याचा फायदा तुमच्या मुलीपुरता नाही. बडोद्याच्या कुठल्याही वर्गात वडील दुबईत किंवा अमेरिकेत असलेली मुलं असतात, आजी-आजोबांकडे वाढणारी, वडील वारलेली, आई-वडील वेगळे झालेली मुलं असतात. त्यांनाही तो रिकामा चौकोन बोचतो. मदर्स डेला मुलीला दोन कार्डं करायची असतील तर दोन कागद मिळावेत. फादर्स डेला आजोबांसाठी कार्ड करायचं की त्या तासाला दुसरं काही, हे तिला विचारावं. वर्गात कुणी ‘हिला पप्पा का नाहीत’ म्हटलं तर टीचरने गप्प बसू नये. ‘तिच्या घरी आई आणि माई आहेत. तुझ्या घरी कोण कोण आहे?’ असं म्हणून पुढे जावं. मोठी माणसं गोंधळली की मुलांना त्यात काहीतरी गुपित दिसतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. दोन आई असणं आणि दत्तक असणं, या दोन गोष्टी शाळेत हमखास एकत्र केल्या जातात. घरात कोण कोण आहे हे वर्गाला कळायला हरकत नाही. ती कुठून आली, कशी आली, ही कहाणी मात्र तिची आहे. टीचरला ठाऊक असावं, पण वर्गात त्याचा उच्चार होऊ नये, असं स्पष्ट सांगा.

मुलीशी घरी खेळता-खेळता सराव करा. ‘मला आई आणि माई आहे, आमच्याकडे पप्पा नाहीत.’ तिला कंटाळा आला तर ‘मला आता यावर बोलायचं नाही’ असंही म्हणता येतं, हे आवर्जून शिकवा. चार-पाच मुलांचं कुतूहल आठवड्याभरात संपतं. पण तेच मूल पुन्हा पुन्हा हिणवत असेल, डब्याला बाजूला बसवत असेल, तर तारखेसह लिहून टीचरला द्या, उत्तरही लेखी मागा. ‘तिचा वर्ग बदलूया’ हा तोडगा मान्य करू नका. समजवायचं त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना. शाळा ढिम्म राहिली तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

राहिला आजी-आजोबांचा सल्ला. तो भीतीतून आलाय, नातीवरच्या प्रेमातून आलाय, म्हणून वाद घालत बसू नका. त्यांना एवढंच समजावा की शाळेत जो कोणी तिला घ्यायला जाईल त्याच्या तोंडी एकच शब्द असला पाहिजे. आजी फाटकावर ‘तुझी मावशी आली नाही का गं?’ म्हणाली तर मुलीची पंचाईत होईल. व्हॅनवाल्या काकांनाही विसरू नका. मुलांना सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतात, आणि उत्तरं सगळ्या व्हॅनला ऐकू जातात. त्यांच्या फोनमध्ये माईंचा नंबर ‘माई’ याच नावाने सेव्ह करून द्या.