'लीव्ह अँड लायसन्स'मधल्या 'लीव्ह'चा अर्थ 'घर सोडणे' असा आहे का?

तुम्ही लिहिलंय की भाड्याच्या घराच्या 'लीव्ह अँड लायसन्स' कराराबद्दल घरमालक तुम्हाला म्हणाले, "लीव्ह म्हणजे सोडणे. मी सांगेन तेव्हा घर सोडायचं, म्हणून तर कराराला तसं नाव आहे." हे चूक आहे. या 'लीव्ह'चा सोडण्याशी काहीही संबंध नाही. इथे लीव्ह म्हणजे परवानगी.

इंग्रजीत लीव्ह हे दिसायला एक असले तरी मुळात दोन निराळे शब्द आहेत. एक क्रियापद, सोडून जाणे. दुसरं नाम, अनुमती. जुन्या इंग्रजीत दोघांची रूपं वेगळी होती, पुढे उच्चार आणि स्पेलिंग एकच झालं. हे दुसरं लीव्ह तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे. ऑफिसातली सिक लीव्ह, कॅज्युअल लीव्ह म्हणजे मुळात गैरहजर राहण्याची परवानगी. सर्वोच्च न्यायालयात 'स्पेशल लीव्ह पिटिशन' दाखल होते, तिला आपण मराठीत 'विशेष अनुमती याचिका' म्हणतो. तेही हेच लीव्ह.

मला फार आवडणारी गोष्ट अशी, की मराठीतल्या 'रजा' शब्दानेही अगदी हीच वाट चालली आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संमती, खुशी. 'राजी' आणि 'राजीनामा' त्याच घरातले. "आता रजा द्या" म्हणजे निघायची परवानगी द्या, आणि त्याच परवानगीची पुढे कचेरीतली सुट्टी झाली. ज्याने कोणी पहिल्यांदा लीव्हला 'रजा' म्हटलं, त्याला हा शब्द आतून कळला होता.

मग परवानगी आणि पुन्हा लायसन्स, म्हणजे पुन्हा परवानगीच, असं दोनदा कशाला? ही इंग्रजी कायद्याच्या भाषेची जुनी सवय आहे. एक शब्द अस्सल इंग्रजी आणि त्याला जोडून त्याच अर्थाचा लॅटिन-फ्रेंचकडून आलेला. मृत्युपत्राला ते 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात, तेही असंच. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कागदपत्र, धनदौलत, रीतिरिवाज या जोड्या पाहा, एक शब्द संस्कृताकडचा, एक फारसी-अरबीकडचा.

आता ही परवानगी कसली? १८८२ साली लागोपाठ दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये लीजची, म्हणजे भाडेपट्ट्याची व्याख्या आहे. त्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच ठरावीक काळापुरता तुमच्याकडे येतो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या जागेत जे करणं एरवी बेकायदा ठरलं असतं, ते करण्याची मुभा. जागेत तुमचा हितसंबंध मात्र निर्माण होत नाही. म्हणून तुमच्या करारात 'भाडेकरू' हा शब्द सापडणार नाही. तुम्ही लायसेन्सी, मालक लायसेन्सर, आणि दरमहा देता ती लायसन्स फी.

२०११ साली पुण्यात मी पहिलं घर भाड्याने घेतलं तेव्हा बाबांनी करार दोनदा वाचला. त्यांचं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलेलं, जुन्या भाडेपावत्या सालवार लावून ट्रंकेत जपलेल्या. त्यांनी विचारलं, "यात भाडेकरू असं कुठेच नाही. मग तू त्या घराचा कोण?" मी नीट उत्तर देऊ शकले नाही. तेव्हापासून हा शब्द माझ्या मनात घर करून बसला, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न बघून लिहायला बसले.

बाबांचा प्रश्न बरोबर होता, कारण हा शब्दबदल मुद्दाम झालेला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठलं आणि भाडेकरूला काढणं अवघड झालं. तेव्हा मालक भाडेकरू ठेवण्याऐवजी लायसन्स देऊ लागले. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात पारडं पुन्हा फिरलं : मुदत संपल्यावर लायसेन्सीने घर रिकामं करायचं, नाहीतर दुप्पट फीच्या दराने भरपाई (कलम २४). मालकाने दिलेल्या 'परवानगी'वर राहणारा माणूस म्हणजे चाळीतला भाडेकरू नव्हे, हे त्या दोन शब्दांत ठासून भरलेलं आहे. याचं मला वाईट वाटतं, पण निदान ते समजून सही करावी.

नुसतं नाव दिल्याने सगळं ठरतं असंही नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या क्लोकरूम केशकर्तनाच्या धंद्यासाठी दिल्या होत्या आणि कागदावर लायसन्स म्हटलं होतं. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की व्यवहाराचं स्वरूप पाहता ते लीजच आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या याच कलम २४ नुसार लायसन्सचा लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो, त्यामुळे राहत्या घराच्या बाबतीत या निकालाच्या भरवशावर राहू नका.

राहिला मालकांचा "मी सांगेन तेव्हा". लायसन्स मागे घेता येतं हे खरं, पण तुमच्या करारात नोटिशीचं आणि लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक काळ करार मोडायचा नाही असं, कलम असेल, बहुतेक करारांत असतं, तर मालकही त्याला बांधील आहेत. शिवाय त्याच १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, लायसन्स रद्द झालं तर सामान घेऊन निघायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे (कलम ६३), आणि पैसे घेऊन दिलेलं लायसन्स तुमची काही चूक नसताना मुदतीआधी मोडून बाहेर काढलं तर भरपाई मागता येते (कलम ६४).

आणि करार नोंदवलेला आहे ना, तेवढं पाहा. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. नोंदवला असेल तर त्याची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताच्या नोंदीचा उतारा, काढून घ्या. दस्ताच्या प्रकारापुढे तिथेही '३६-अ-लिव्ह अँड लायसन्सेस' असंच छापलेलं दिसेल, मराठी कागदावर इंग्रजी शब्द जसेच्या तसे. तिथे 'अनुमती' असतं, तर तुमचे मालक असं म्हणालेच नसते.